फ्रेंच वर्तमानकाळ: सहा रकाने पाठ करायचे की तीन आवाज?

गोदाकाठ
नाशकात शाळा-कॉलेजात फ्रेंच घेतलेल्या कुठल्याही मुलाची वही उघडा, पहिल्या चार पानांत 'पार्ले' (बोलणे) या क्रियापदाचा तक्ता सापडतो. सहा रकाने, खाली तेच दहा वेळा घोटलेलं. आणि त्याच मुलाला "ते बोलतात" हे तोंडी म्हणायला सांगा. उत्तर येतं: "इल पार्लेंट." शेवटचं ईएनटी वाचायचंच नसतं, हे तक्ता सांगत नाही.

लिहिण्याची सोय आधी सांगतो. ज म्हणजे 'मेझर' शब्दातला मधला आवाज. झ म्हणजे 'झीरो'तला. ओं आणि आँ दोन्ही नाकातले, पण वेगळे. 'त्यू' म्हणताना जीभ ईची आणि ओठ ऊचे. शेपट्यांची, म्हणजे क्रियापदाला शेवटी लागणारी, अक्षरं इंग्रजी नावांनी लिहितोय, फ्रेंच नावांनी लिहिली तर धागा इथेच आटपेल.

मी: ज पार्ल (शेवटी ई)
तू: त्यू पार्ल (ईएस)
तो किंवा ती: इल, एल पार्ल (ई)
आम्ही: नू पार्लों (ओएनएस)
तुम्ही: व्हू पार्ले (ईझेड)
ते किंवा त्या: इल, एल पार्ल (ईएनटी)

कागदावर शेपट्या पाच, कानाला आवाज तीनच: पार्ल, पार्लों, पार्ले. सहापैकी चार रूपं ऐकायला एकच. मग नवशिक्याला आधी हे तीन आवाज देऊन शेपट्या नंतर का लावू नयेत? शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी मत द्यावं.

रस्सा_वेगळा
मूळ क्रियापद पण पार्ले, 'तुम्ही बोलता' पण पार्ले. विलेपार्ल्याचे लोक जन्मतः फ्रेंच बोलतात हे आज कळलं. चहा ठेवतो.

काटेकोर
गोदाकाठ, कल्पना छान आहे, पण पेपर कानाने तपासत नाहीत. 'रिकाम्या जागा भरा'मध्ये त्यूसमोरचा एस राहिला की उत्तर चूक. तीन आवाजांवर वाढलेलं मूल त्यूलाही ई लावून मोकळं होणार, कारण त्याच्या लेखी फरकच नाही.

तक्ता चुकीचा नाहीये, वाचायची दिशा चुकीची आहे. एकेक क्रियापद वरून खाली घोटू नका. दहा क्रियापदांचे तक्ते शेजारी शेजारी मांडा आणि एकच ओळ आडवी वाचा. मग दिसतं की:

त्यू आला की शेवटी एस. अपवाद म्हणजे एक्स, तोही जमणे (पूव्हवार), हवं असणे (व्हूलवार) अशा मोजक्यांत.
नू आला की ओएनएस. अख्ख्या भाषेत वर्तमानकाळाला अपवाद एकच, 'असणे'चं नू सॉम.
व्हू आला की ईझेड. अपवाद तीन: एत (असणे), फेत (करणे), दीत (सांगणे).
अनेकवचनी इल आला की शेवटी एनटी. अपवाद शून्य.

एवढं पाठ केलं की न पाहिलेल्या क्रियापदाचंही निम्मं रूप हातात.

गोदाकाठ
आडवं वाचायचं हे आवडलं. पण त्यातही शेवटच्या ओळीचा एनटी मुलं वाचणारच. त्याचं काय?

काटेकोर
वहीत एनटी पेन्सिलने लिहायचं, बाकी पेनने. पेन्सिल डोळ्यांसाठी, तोंडासाठी नाही. मुक्या ई आणि एस यांनाही तोच न्याय.

द्राक्षवेल
तीन आवाजसुद्धा जास्त झाले. रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस 'नू' फार कमी वापरतो, त्याऐवजी 'ओं' म्हणतो. आणि ओंला क्रियापद लागतं एकवचनी इलचं: ओं पार्ल, ओं माँज, ओं व्हा. म्हणजे बोलीत पार्लचे आवाज उरले दोन.

मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे. 'ओं' म्हणजे बराचसा आपला 'आपण'. "आपण निघूया" हे आपलं आणि "ओं व्हा" हे त्यांचं, एकाच घराण्यातले. "असं करत नाहीत बरं का" यातला बिनचेहऱ्याचा कर्ताही ओंच.

सिडको_ते_सातपूर
मग तक्त्यात ओंला जागा का नसते?

द्राक्षवेल
चांगल्या तक्त्यात असते: इल, एल, ओं एकाच ओळीत. नसेल तर स्वतः लिहून घ्या. नाहीतर मूल ओंचा अर्थ 'आम्ही' असा लावतं आणि "ओं पार्लों" लिहितं. अर्थ बरोबर, रूप चूक. ही चूक फार होते.

शब्दपारखी
तीन आवाजांची पद्धत -ईआर क्रियापदांपुरती (मूळ रूपाच्या शेवटी ईआर, पार्लेसारखी) ठीक आहे. ही टोळी सर्वांत मोठी, आणि नवीन शब्दही हिच्यातच भरती होतात (क्लिके म्हणजे क्लिक करणे). पण पुढच्या दोन टोळ्यांत (-आयआर आणि -आरई) गेल्यावर 'तो' आणि 'ते' यांची क्रियापदं वेगळी ऐकू येतात, तिथे हीच सवय नडते.

संपवणे, फिनीर:
ज, त्यू, इल: फिनी
नू फिनिसों, व्हू फिनिसे
ते: इल फिनिस

विकणे, व्हाँद्र:
ज, त्यू, इल: व्हाँ
नू व्हाँदों, व्हू व्हाँदे
ते: इल व्हाँद

एकवचनात धातूचं शेवटचं व्यंजन गिळलं जातं, अनेकवचनात ते बाहेर येतं. 'तो' आणि 'ते' यांतला फरक सर्वनामात नाही, शेपटीतही नाही, त्या एका व्यंजनात आहे. निघणे: पार, पार्त. झोपणे: दॉर, दॉर्म. ठाऊक असणे: से, साव्ह. पिणे: ब्वा, ब्वाव्ह. घेणे: प्राँ, प्रेन. अशा जोड्या दहा-बारा तोंडात बसल्या की तक्त्याचा उरलेला भाग आपोआप जुळतो, कारण नू आणि व्हूतही बहुतेकदा तेच व्यंजन असतं.

तेव्हा मी गोदाकाठांच्या बाजूने, पण तीन आवाज म्हणून नाही. 'तो'चा आवाज आणि 'ते'चा आवाज अशी जोडी म्हणून शिकवा. पार्लमध्ये जोडी सारखी निघते, एवढंच.

पंचवटीकर
शब्दपारखी, +१. एक भर: -आयआर दिसलं की सगळे फिनीरच्या वळणाने नेतात आणि "नू पार्तिसों", "नू दॉर्मिसों" जन्माला येतात. पार्तीर, दॉर्मीर, सॉर्तीर (बाहेर पडणे), सेर्व्हीर (वाढणे) यांत मधला 'इस' नाही. ऊव्हरीर (उघडणे) आणि ऑफ्रीर (देऊ करणे) तर नाव आयआरचं आणि शेपट्या पार्लेच्या: जूव्हर, शेवटी ई.

ओळखायची पक्की खूण नाही. कामचलाऊ खूण आहे. विशेषणापासून बनलेलं 'तसं होणे' असेल तर बहुधा फिनीरचं वळण. रूज म्हणजे लाल, रूजीर म्हणजे लालावणे. ग्राँ म्हणजे मोठा, ग्राँदीर म्हणजे मोठं होणे. आपलं काळा-काळवंडणे तसंच.

रस्सा_वेगळा
खाणे म्हणजे माँजे, मी खातो म्हणजे ज माँज. म्हणजे मांजर हे मूळचं फ्रेंच. दूध पितं ते वेगळं.

काटेकोर
रस्सा, हसण्यावारी नेलंत, पण माँजेवर परीक्षेत हटकून प्रश्न असतो. जवळून बघा. धातूच्या शेवटी जी. जीच्या पुढे ई किंवा आय असेल तर त्याचा आवाज 'मेझर'वाला. पुढे ए, ओ, यू आलं की तोच जी 'ग' होतो. आता नू लावा: जीपुढे थेट ओएनएस आलं तर वाचावं लागेल 'माँगों'. आवाज वाचवायला मध्ये एक ई घालतात: एम, ए, एन, जी, ई, ओ, एन, एस. तो ई उच्चारायचा नाही, तो फक्त जीला मऊ ठेवायला बसवलाय.

सुरू करणे, कॉमाँसे, यातही हेच दुखणं. सीपुढे ओ आला की 'क' होणार, म्हणून नूमध्ये सीखाली शेपूट काढतात. व्हूमध्ये पुढे ईझेड असल्याने दोन्हीकडे काहीच करावं लागत नाही. मुलं व्हूलाही ती शेपूट जोडतात, तिथे गुण जातो.

बघा, ही शेपूट लावायची ती आवाजासाठीच. इथे गोदाकाठांचा मुद्दा मान्य. कान तयार नसेल तर हा नियम नुसता तोंडपाठ राहतो.

गोदाकाठ
काटेकोर, तुम्ही मान्य केलं! धाग्याची वाचनखूण साठवली.

कॉलेजरोडची_चिंच
माझी शंका. इल झों आणि इल सों, दोन्ही ऐकायला सारखंच वाटतं. कुठलं 'आहेत' आणि कुठलं 'त्यांच्याकडे आहे'?

शब्दपारखी
सों म्हणजे 'ते आहेत' (एत्र). झों म्हणजे 'त्यांच्याकडे आहे' (आव्हवार). आव्हवारचं रूप नुसतं 'ओं' आहे, पण ते स्वराने सुरू होतं म्हणून अनेकवचनी इलचा मुका एस जागा होऊन झ बनतो: इलझों. नूझाव्हों, व्हूझाव्हे हे त्याच जोडणीने.

या जोडणीचा मोठा फायदा -ईआर टोळीत आहे. राहणे, आबिते. तो राहतो: इलाबीत. ते राहतात: इलझाबीत. क्रियापद तेच, शेपूट मुकी, फरक सांगणारा एकटा झ. पार्लमध्ये व्यंजनाने सुरुवात म्हणून तोही नाही. तिथे तो की ते, हे संदर्भावरूनच कळतं.

आणि ज पुढे स्वर आला की तुटतो: जाबीत (मी राहतो), जाशेत (मी विकत घेतो), जे (माझ्याकडे आहे). लिहिताना वर स्वल्पविरामासारखी खूण (अपॉस्ट्रॉफी) द्यायची. त्यू मात्र लिखाणात तुटत नाही. त्यू आबीत, तसंच.

पंचवटीकर
चिंच, ओंने संपणारी 'ते'ची रूपं चारच आहेत: सों (आहेत), ओं (त्यांच्याकडे आहे), व्हों (जातात), फों (करतात). चारच. बाकी सगळी ईएनटी.

करणेबद्दल एक इशारा. 'नू' रूप ए-आयने लिहितात, म्हणून सगळे 'फेझों' वाचतात. उच्चार 'फझों'.

आज्जीचा_चष्मा
तू आणि तुम्हीचं कोणी बोललंच नाही. मराठी पोरांना त्यू-व्हू समजावावं लागत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं. एकट्या मोठ्या माणसाला व्हू, क्रियापद अनेकवचनी, हे आपल्या 'तुम्ही'सारखं. पण विशेषण मात्र एकवचनीच राहतं. "तुम्ही मोठे आहात" असं आपण एकाच माणसाला अनेकवचनात म्हणतो. फ्रेंचमध्ये एकट्या गृहस्थांना व्हूझेत ग्राँ, ग्राँला एस नाही. दोघं असतील तर एस. आपल्या सवयीने मुलं तिथे एस लावतात.

दुसरं, घरात सगळ्यांना त्यू. आजोबांनाही. आपल्याकडे वडिलांना अहो-जाहो करणाऱ्या घरातलं मूल निबंधात बाबांना व्हू घालतं. व्याकरण बिनचूक, पण वाचणाऱ्याला वडील परके वाटतात.

सिडको_ते_सातपूर
आणि आपलं 'जातो-जाते'? तिकडे बाई बोलली तर?

आज्जीचा_चष्मा
काही बदल नाही. ज व्हे, बाई असो की बुवा. वर्तमानकाळात क्रियापदाला लिंग नाही. एवढी एक सूट मिळते, घ्या.

द्राक्षवेल
बहुतेक चुका इंग्रजीतून येतात, मराठीतून नाही. दोन नमुने.

एक: "मी जेवतोय" म्हणजे "ज स्वी माँज". इंग्रजीतलं सहाय्यक क्रियापद उचलून एत्र चिकटवायचं. फ्रेंचमध्ये जातो आणि जातोय दोन्हींना एकच रूप: ज माँज. अगदी "मध्ये बोलू नका, जेवतोय" असा जोर हवा असेल तर 'एत्र आँ त्रँ द' आणि पुढे मूळ क्रियापद: ज स्वी आँ त्रँ द माँजे.

दोन: "मी पाच वर्षांपासून नाशिकमध्ये राहतो." मराठीत साधा वर्तमानकाळ, फ्रेंचमध्येही साधा वर्तमानकाळ: जाबीत आ नाशिक दप्वी सँकाँ. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे भूतकाळ शोधत बसतो. "उद्या येतो" हेही तसंच, ज व्हियँ दमँ, साध्या वर्तमानाने भागतं. थेट मराठीवरून फ्रेंचवर उडी मारली तर दोन वाक्यांत काम होतं. शिकवणारे मध्ये इंग्रजीचा थांबा का घेतात कळत नाही.

कॉलेजरोडची_चिंच
पटलं. 'दप्वी'चं वाक्य वहीत गेलं.

द्राक्षवेल
अवांतर, पण नाशिकचं. वाइनरीत पाहुण्यांना माहिती देण्यासाठी फ्रेंच शिकणाऱ्यांनी पार्लेपेक्षा ही पाच क्रियापदं आधी घ्यावीत.

ब्वार, पिणे: ब्वा, ब्वा, ब्वा, ब्युव्हों, ब्युव्हे, ब्वाव्ह. नू-व्हूमध्ये धातूच बदलतो, 'ब्वाव्हों' म्हणू नका.
सेर्व्हीर, ओतून देणे: सेर, सेर्व्हों, सेर्व्ह.
गूते, चव घेणे: पार्लेसारखं.
ताये, छाटणे: पार्लेसारखं. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. फ्रान्समध्ये मुख्य छाटणी हिवाळ्यात, एकदा. त्यामुळे "नू तायों" म्हटल्यावर फ्रेंच पाहुणा विचारणारच की दोनदा का.
व्हाँदाँजे, द्राक्षतोडणी करणे: माँजेसारखा नूमध्ये जादा ई. व्हाँदों (आम्ही विकतो) आणि व्हाँदाँजों (आम्ही द्राक्षं तोडतो) यांत गोंधळ झाला तर तोडणीआधीच माल विकला जाईल.

रस्सा_वेगळा
बाजारभाव बघता तेही होऊन जातं.

शब्दपारखी
बाटलीवरून आठवलं. लेबल लावणे म्हणजे एतिकते. याचा धातू 'बूट' टोळीतला. या टोळीत ज, त्यू, इल आणि अनेकवचनी इल या चार घरांत धातू बदलतो, नू आणि व्हूत मूळचा राहतो. तीन-तीनच्या दोन उभ्या रकान्यांत लिहून चार घरांभोवती रेघ मारली की बुटाचा आकार होतो.

विकत घेणे, आश्ते: जाशेत, पण नूझाश्तों. बुटातल्या ईवर डावीकडे झुकणारी मात्रा. हाक मारणे, आप्ले: जापेल, नूझाप्लों. इथे मात्रा नाही, बुटात एल दुहेरी. कारण दोन्हीकडे एकच: शेवटचा ई मुका, त्यामुळे त्याच्या आधीचा ई दुबळा ठेवून चालत नाही, तो 'ए' करावा लागतो. भाषेने कधी मात्रा दिली, कधी व्यंजन दुप्पट केलं.

१९९० च्या शुद्धलेखन-सुधारणेत या जातीच्या बहुतेक क्रियापदांना मात्रा सुचवली. आप्ले आणि जते (फेकणे) आणि त्यांची पिल्लं दुहेरीच ठेवली. म्हणून एतिकते दोन प्रकारे लिहिलेलं दिसतं, दोन्ही चालतात. एका उत्तरपत्रिकेत मात्र दोन्ही पद्धती नकोत.

सिडको_ते_सातपूर
सगळं वाचलं. आता सराव कसा करायचा ते सांगा. वाचून सगळं कळतं, बोलताना तोंड उघडत नाही.

पंचवटीकर
तोंड उघडत नाही, कारण तक्ता पाढ्यासारखा पाठ आहे. 'सात सक' विचारलं की मूल 'सात एके सात'पासून धावतं. तसंच 'व्हू' विचारलं की मनात जपासून सुरुवात. व्हूपर्यंत पोचेस्तोवर समोरचा निघून गेलेला.

लुडोचा फासा घ्या. बाजू सहा, घरं सहा: १ ज, २ त्यू, ३ इल-एल-ओं, ४ नू, ५ व्हू, ६ अनेकवचन. दहा क्रियापदांच्या चिठ्ठ्या करा: एत्र, आव्हवार, आले, फेर, पार्ले, आबिते, फिनीर, पार्तीर, व्हाँद्र, प्राँद्र. चिठ्ठी उचला, फासा टाका, तीन सेकंदांत सर्वनामासकट मोठ्याने बोला, मगच लिहा. चुकलेली चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी नाही, वरून तिसऱ्या जागी परत घाला, म्हणजे लगेच पुन्हा येते. रोज दहा-बारा मिनिटं पुरे.

६ पडला की मुद्दाम लगेच ३ चंही रूप बोलायला लावा. शब्दपारखींची 'तो-ते' जोडी तिथेच पक्की होते.

आले (जाणे) पहिल्या दिवसापासून ठेवा. नाव -ईआर, वागणं कुणासारखंच नाही: व्हे, व्हा, व्हा, नूझालों, व्हूझाले, व्हों. उशिरा शिकवलं की तोवर मुलांनी "जाल" बनवून टाकलेलं असतं.

काटेकोर
फाशाला माझी एक जोड. दर पाचवी फेक फक्त लिहायची, बोलायची नाही. शेपट्या तिथे कळतात.

गोदाकाठ
मूळ प्रश्नाकडे येतो. देल्फच्या (फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा) ए१ या सुरुवातीच्या पातळीत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५०, आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे कानातोंडाला ५० गुण आहेतच. शाळेच्या पेपरात ते दिसत नाहीत, म्हणून तक्ता जिंकतो.

तेव्हा ठरवतोय असं: पहिला आठवडा वही बंद, फक्त 'तो-ते' जोड्या आणि फासा. दुसऱ्या आठवड्यात काटेकोरांची आडवी ओळ, शेपट्या पेन्सिलने. माँजे आणि बूट तिसऱ्यात. चालेल?

काटेकोर
चालेल. पण ज, त्यू, इलचे एस-एस-टी (पार्तीर) आणि एस-एस-नुसता डी (व्हाँद्र) दुसऱ्याच आठवड्यात घ्या. डीनंतर टी लागत नाही, हे उशिरा सांगितलं की पुसायला रबर पुरत नाही.

रस्सा_वेगळा
फासा टाकला. ४ पडला, चिठ्ठी फेर. नू फेझों.

पंचवटीकर
फझों. चिठ्ठी वरून तिसऱ्या जागी.